फ्रूटकेकचे साहित्य : कोल्हापुरातून जमवताना

फ्रूटकेकमध्ये केक निमित्तापुरताच असतो. आठ इंची साच्यातल्या केकचे कच्चे मिश्रण पावणेदोन किलोच्या आसपास भरते आणि त्यातले निम्म्याहून अधिक वजन बेदाणे, अंजीर, पाकवलेल्या साली आणि काजू-बदाम यांचे असते. मैदा, लोणी, गूळ आणि अंडी यांचे काम ही फळे एकत्र धरून ठेवण्याचे. त्यामुळे या केकचे यश भट्टीपाशी ठरण्याआधी बाजारात ठरते, आणि बाजारात जाताना हाती असलेली यादी जर विलायती पाककृतीतून जशीच्या तशी उतरवलेली असेल, तर लक्ष्मीपुरीतला दुकानदार त्यातल्या निम्म्या नावांना मान हलवतो आणि उरलेल्या निम्म्या नावांखाली भलतेच काहीतरी बांधून देतो. प्रत्येक जिन्नस मुळात कोणता, तो केकमध्ये कोणते काम करतो आणि त्या कामाला आपल्या भागात काय मिळते, हे समजून घेतले तर या यादीतला बराचसा भाग कोल्हापूर, सांगली, सातारा आणि घाटाखालचे कोकण एवढ्या टापूतच जमतो.

नावांचा घोळ जुना आहे. आपल्याकडे या केकला सरसकट ‘प्लम केक’ म्हणतात, पण त्यात प्लम नावाचे फळ नसते, कारण जुन्या इंग्रजीत बेदाण्यांनाही ‘प्लम’ म्हणत आणि तेच नाव केकला चिकटून राहिले. भारतात हा केक रुळला त्याची कथा केरळातल्या तलश्शेरीची सांगतात : तिथल्या मंबळ्ळी बापू यांनी १८८३ मध्ये मर्डोक ब्राउन या मळेवाल्यासाठी असा केक भाजून दिला. आपल्या गावात तो मिशनच्या वस्तीतून आणि वाइल्डर मेमोरियल चर्चच्या परिसरातल्या घरांतून नाताळच्या ताटात आला आणि आता तो सगळ्याच बेकऱ्यांत डिसेंबरभर दिसतो. बेकरीतल्या केकमध्ये टूटी-फ्रूटीच जास्त असते, ही माझी जुनी तक्रार आहे.

बेदाणा

विलायती पाककृतीत तीन प्रकारचे बेदाणे वेगवेगळे मागितलेले असतात : ‘करंट’, ‘सुलताना’ आणि ‘रेझिन’. करंट म्हणजे ग्रीसमधल्या बारीक काळ्या द्राक्षांचा बेदाणा. कॉरिंथ या बंदराच्या नावावरून तो शब्द आला. बेरीच्या जातीचे करंट नावाचे जे आंबट फळ युरोपात होते, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. सुलताना हा तुर्कस्तानातल्या इझमीर आणि मनिसा भागातल्या बिनबियांच्या पांढऱ्या द्राक्षांचा बेदाणा. आता गंमत अशी, की अमेरिकेत ‘थॉम्पसन सीडलेस’ या नावाने जे द्राक्ष ओळखले जाते ते हेच सुलतानाचे द्राक्ष आहे, आणि सांगली जिल्ह्यातल्या बागांमध्ये जी ‘तास-ए-गणेश’ जात दिसते ती तासगाव तालुक्यात थॉम्पसनमधूनच निवडून काढलेली आहे. म्हणजे सुलताना मिळत नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही, कारण त्याच वेलीचा बेदाणा आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर तयार होतो. ‘बेदाणा’ हा शब्दही फारसी आहे आणि त्याचा अर्थ बिनबियांचा, एवढाच. मनुका मात्र बहुधा बियांची असते. केकमध्ये ती वापरायची तर प्रत्येक बी काढावी लागते, नाहीतर दाताखाली येते.

हा बेदाणा कसा तयार होतो ते पाहिले की तो निवडायचा कसा हे आपोआप कळते. साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो आणि तो आतले पाणी बाहेर पडू देत नाही. म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि ज्याला शेतकरी ‘डिपिंग ऑइल’ म्हणतात त्या इथाइल ओलिएटच्या द्रावणात बुडवून काढतात. त्यानंतर ते शेडमधल्या जाळीच्या थरांवर सावलीत पसरतात आणि दोन आठवड्यांच्या आसपास सुकू देतात. सावलीत सुकल्याने रंग हिरवट राहतो, गंधकाची धुरी दिल्याने तो सोनेरी पिवळा होतो आणि दोन्हींपैकी काहीच न करता उन्हात सुकवला तर तपकिरी. फेब्रुवारी ते एप्रिल हा हंगाम. नंतर माल शीतगृहात जातो आणि तासगाव-सांगलीच्या सौद्यांतून वर्षभर बाहेर येतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

केकसाठी लांब, टपोरा, चकचकीत हिरवा बेदाणा घेऊ नये. तो दिसायला देखणा आणि दराने चढा असतो, पण त्याची आंबटगोड चव तीन तास भाजण्यात टिकत नाही. मी ३५० ग्रॅम काळा आणि २०० ग्रॅम मध्यम प्रतीचा पिवळा बेदाणा घेते. काळा बेदाणा म्हणजे शरद सीडलेससारख्या काळ्या द्राक्षांचा. करंटची जागा तो घेतो, मात्र करंटपेक्षा आकाराने बराच मोठा असल्याने त्याचे सुरीने दोन-तीन तुकडे करावेत. घेताना मूठभर बेदाणा दाबून सोडावा : तो गोळा न होता पुन्हा सुटा झाला पाहिजे आणि हाताला साखरेचे खडे लागता कामा नयेत. घरी आणल्यावर कोमट पाण्यात दोनदा धुऊन, देठ वेचून, सुती पंचावर रात्रभर पसरून पूर्ण कोरडा करावा. ओला बेदाणा तसाच केकमध्ये गेला तर त्याच्याभोवतीचा भाग कच्चट राहतो.

महाळुंग, पपनस आणि पाकवलेली साल

यादीत ‘मिक्स्ड पील’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ संत्र्याची आणि महाळुंगाची पाकवलेली साल. महाळुंग हे कोल्हापूरकरांनी रोज पाहिलेले फळ आहे, फक्त ओळखलेले नसते : करवीरनिवासिनी अंबाबाईच्या उजव्या खालच्या हातात जे फळ आहे ते मातुलिंग म्हणजे महाळुंगच. सप्तशतीच्या प्राधानिक रहस्यात देवीच्या चार हातांतल्या वस्तू सांगितल्या आहेत, त्यांत मातुलिंग पहिले येते. त्यानंतर गदा, खेटक म्हणजे ढाल आणि पानपात्र. लिंबूवर्गीय फळांतले हे मूळ फळांपैकी एक. त्याचे मूळ घर ईशान्य भारत आणि हिमालयाच्या पूर्वेकडच्या पायथ्याचा प्रदेश मानले जाते. तिथून ते इराणमार्गे भूमध्य समुद्राकडे गेले आणि ग्रीक वनस्पतिज्ञ थिओफ्रॅस्टस याने त्याचे वर्णन केले तेव्हा तिकडे त्याला इराणी सफरचंद समजत. आज केकसाठी लागणारी महाळुंगाची साल इटलीतल्या कलाब्रियाच्या किनाऱ्यावरूनही येते. या फळात रस नावालाच असतो, बहुतेक सगळे फळ म्हणजे बोटभर जाड, पांढरी, सुगंधी साल. आणि पाकवायला नेमके तेच हवे असते.

मंडईत महाळुंग हटकून मिळेल असे सांगता येत नाही. कोणाच्या परसात झाड असेल तर सोन्याहून पिवळे. नसेल तर पपनसाची साल घ्यावी. गणपतीच्या दिवसांत कपिलतीर्थ मंडईत पपनसे येतात, लोक आतला गर सोलून खातात आणि जाड साल कचऱ्यात टाकतात. ती साल साठवावी. केक डिसेंबरचा असला तरी त्याची पहिली पायरी भाद्रपदात घडते ती अशी, आणि नीट पाकवलेली साल बरणीत सहज तीन-चार महिने राहते. तिच्या जोडीला संत्र्याची साल घ्यावी. नागपुरी संत्र्याची साल पातळ असली तरी वासाला उत्तम असते. मोसंबीची साल जाड असते खरी, पण कडवटपणात ती सगळ्यांच्या पुढे.

कृती अशी. साल चार फाकांत सोडवावी, पपनसाचा अगदी आतला कापसासारखा भुसभुशीत थर थोडा खरवडून काढावा, पण सगळा काढू नये, कारण पाक तोच शोषून घेतो. साल गार पाण्यात घालून उकळी आणावी, दहा मिनिटे शिजवावी आणि ते पाणी फेकून द्यावे. हे तीन वेळा करावे. पहिल्या वर्षी मी घाईने एकदाच उकळले. मोसंबीची साल होती आणि सबंध केकला कडुनिंबाच्या काढ्याची आठवण करून देणारी चव आली. तिसऱ्या पाण्यानंतर साल नखाने सहज दबली पाहिजे, कारण साखर लागल्यावर ती आणखी मऊ होत नाही. आता निथळलेल्या सालीच्या वजनाइतकी साखर आणि त्याच्या निम्मे पाणी घेऊन पातळ पाक करावा, त्यात साल घालून मंद आचेवर वीस मिनिटे शिजवावी आणि झाकून रात्रभर ठेवावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस मिनिटे, पुन्हा रात्रभर. तिसऱ्या दिवशी पाक मधासारखा होईपर्यंत आणि साल काचेसारखी पारदर्शक दिसेपर्यंत.

तीन दिवसांचा खटाटोप कशासाठी, असे वाटणे स्वाभाविक आहे. सालीतले पाणी बाहेर पडून त्याच्या जागी साखर आत शिरायला वेळ लागतो. पाक सुरुवातीलाच घट्ट असेल तर पाणी झपाट्याने बाहेर ओढले जाते, साखर आत पोचत नाही आणि साल आक्रसून चामड्यासारखी होते. मोरावळा घाईने केला की आवळा जसा सुरकुततो, तसाच हा प्रकार. शेवटी साल जाळीवर दोन दिवस सुकवावी आणि केकच्या दिवशी हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करावेत. आपल्याला लागते ७५ ग्रॅम. उरलेली खाऊन संपते. राहिलेला पाक टाकू नये. बेदाणे भिजवताना तो कामाला येतो.

चेरी नावाचे करवंद

केकमधली लाल चेरी युरोपात खरोखरच चेरीची असते आणि फ्रान्समधले आप्त हे गाव फळे साखरेत मुरवण्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या दुकानात ‘चेरी’ म्हणून जे मिळते ते बहुतेक वेळा करवंद असते. राधानगरी-गगनबावड्याच्या जाळ्यांतले काळे, बारीक, चीक गळणारे करवंद नव्हे. उत्तरेकडे लागवड होणारे त्याच कुळातले मोठे, गुलाबी-पांढरे फळ. ते मिठाच्या किंवा गंधकाच्या द्रावणात ठेवून त्याचा रंग उडवतात, बी काढतात, लाल रंग चढवतात आणि साखरेत मुरवतात. यात फसवणूक झाली असे मानून रागावण्यापेक्षा पाकिटावरची बारीक अक्षरे वाचावीत, कारण केकमध्ये आंबट-गोड, चिवट-मऊ तुकड्याचे काम करवंद चांगले करते. त्रास रंगाचा असतो. चेरी बरणीतून थेट मिश्रणात घातली तर भोवतालचा केक गुलाबी होतो. म्हणून ती कोमट पाण्यात धुऊन, अर्धी कापून, कोरडी करून, चमचाभर मैद्यात घोळवून घालावी. ५० ग्रॅम पुरे.

टूटी-फ्रूटी ही कच्च्या पपईची. तिला स्वतःची चव नसते. बेकरीवाल्यांना ती स्वस्त पडते. मी ती घालत नाही. तिच्याऐवजी ५० ग्रॅम साखरेत मुरवलेले आले घालते. साताऱ्याकडे आले भरपूर पिकते, ताजे मिळते आणि सालीसारखेच पाकवता येते, मात्र तंतू धरण्याआधीचे कोवळे निवडावे. त्याशिवाय १०० ग्रॅम अंजीर आणि खजूर मिळून. सुके अंजीर बहुतेक परदेशातून येते. पुरंदरचे अंजीर २०१६ मध्ये मानांकित झालेले असले तरी ते ताजे खाण्याचे फळ आहे.

गूळ आणि काकवी

इथे मात्र कोल्हापूरला कोणाकडे हात पसरावा लागत नाही. मूळ पाककृतीत ‘मस्कोव्हाडो’ नावाची गडद, ओलसर साखर आणि ‘ब्लॅक ट्रीकल’ असते. मस्कोव्हाडो म्हणजे मळीचा अंश न काढलेली कच्ची साखर, बार्बाडोस आणि मॉरिशससारख्या बेटांवरून इंग्लंडात जाणारी. युरोपात हा केक इतका भरगच्च झाला त्यामागे हीच साखर आहे : गुलामांच्या श्रमावर चाललेल्या मळ्यांतून साखर स्वस्त झाली तेव्हा फळे साखरेत टिकवणे मध्यम घरांना परवडू लागले.

तिच्या जागी गूळ. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ज्या शाहूपुरीतून तो देशभर जातो ती व्यापारपेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवली. पण शाहूपुरीत ‘चांगला गूळ द्या’ म्हटले की हमखास पिवळाधमक, फिकट रंगाचा रवा म्हणजे गुळाची ढेप पुढे येते, कारण गिऱ्हाईक रंगावर जाते. केकसाठी तो नको. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळू लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून रसातला मळ फेसाबरोबर वर आणतात आणि झाऱ्याने काढतात. चुन्याने रसाचा आंबटपणा कमी करतात. इथपर्यंत ठीक. पुढे रंग उजळावा म्हणून काही ठिकाणी हायड्रोस पावडर पडते. तिने आलेला फिकटपणा टिकाऊ नसतो, साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो. आपल्याला मुळातच तपकिरी, मऊसर, खरपूस वासाचा गूळ हवा आहे, जो बाजारात ‘बिनकेमिकल’ या नावाने मिळतो आणि दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटली की ताजा मिळतो.

शक्य असेल तर एकदा गुऱ्हाळावर जाऊन तो घ्यावा. गुळव्या काहिलीतला पाक पळीने उचलून गार पाण्यात सोडतो, पाण्यातच बोटांनी त्याची गोळी वळतो आणि ती भांड्याच्या काठावर टाकतो. ‘टक्’ असा आवाज आला की काहील उतरवायची हाक देतो. त्या क्षणाच्या बऱ्याच आधी, पाक अजून धार धरून पडत असताना, जो काढून घेतात ती काकवी. ब्लॅक ट्रीकलची जागा काकवीने घ्यावी, पण दोन्ही एक नव्हेत हे ध्यानात ठेवावे. ट्रीकल मळीच्या घराण्यातले, म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरणाऱ्या द्रवापासूनचे. म्हणून ते कडसर आणि काळेभोर. काकवीत उसाची सगळी साखर शाबूत असते, त्यामुळे ती गोड आणि सौम्य. केकचा रंग ट्रीकलइतका काळा येणार नाही. साखर कारखान्याची मळी मात्र खाण्यासाठीची वस्तू नाही, तिच्या वाटेला जाऊ नये.

आठ इंची साच्याला २०० ग्रॅम गूळ आणि एक मोठा चमचा काकवी लागते. गूळ साखरेसारखा कोरडा नसतो आणि त्यात खडे राहतात, हे दोन्ही अनुभवाने शिकावे लागले : एका वर्षी मी गूळ नुसता किसून घातला आणि केक कापल्यावर त्यात वितळून पुन्हा घट्ट झालेले, दातांना चिकटणारे ढेकूळ निघाले. तेव्हापासून गूळ आदल्या रात्री सुरीने पातळ तासून, ताटात पसरून, पंख्याखाली ठेवते आणि सकाळी जाड चाळणीतून चाळून घेते.

लोणी, अंडी, मैदा

यांत फार निवडानिवड नाही. लोणी २२५ ग्रॅम. आपल्याकडचे म्हशीचे पांढरे लोणी स्निग्ध असते आणि केकला उत्तम लागते, मात्र घरचे असेल तर ताक पूर्ण निघेपर्यंत गार पाण्यात तीन-चारदा धुऊन, दाबून पाणी काढून घ्यावे. आंबूस लोणी महिनाभर ठेवायच्या केकला चालत नाही. पाकिटातले पिवळे खारे लोणी घेतले तर वेगळे मीठ घालू नये. अंडी चार, मैदा २२५ ग्रॅम. बेकिंग पावडर नको. एवढ्या फळांना तोलून धरायला घट्ट वीण लागते आणि फुगलेल्या केकमध्ये फळे तळाशी बसतात.

मसाले आणि काजू

जायफळ एके काळी फक्त इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर होत असे. त्यासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीने १६२१ मध्ये तिथली बहुतेक वस्ती नष्ट केली, आणि १६६७ च्या ब्रेडाच्या तहात त्यांतले रन नावाचे चिमुकले बेट डचांकडे राहिले, तर इंग्रजांकडे मॅनहॅटन. आज तेच झाड घाटाखाली नारळाच्या बागांत आंतरपीक म्हणून उभे आहे आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जाती दिल्या आहेत. जायफळ अख्खे घ्यावे, हातात जड लागले पाहिजे. ऐन वेळी उगाळावे किंवा किसावे, अर्धा लहान चमचा. जायपत्री त्याच फळातल्या बीवरचे लाल जाळे, ती चिमूटभर.

दालचिनीत दोन वस्तू एकाच नावाने विकल्या जातात. श्रीलंकेची खरी दालचिनी पातळ, अनेक पदरी, बोटांत चुरडणारी आणि गोडसर; बाजारातली जाड, टणक, तिखट साल बहुधा तिच्या नात्यातल्या दुसऱ्या झाडाची असते. तांबड्या रश्शाला ती दुसरी शोभते, केकला पहिली. कोकणातली ‘कोकण तेज’ मिळाली तर ती घ्यावी. एक लहान चमचा पूड, चार लवंगा आणि अर्धा चमचा सुंठ. ‘ऑलस्पाइस’ हे नाव वाचून गरम मसाला घालण्याची चूक होते. ते मसाल्यांचे मिश्रण नसून जमैका आणि मध्य अमेरिकेतल्या एका झाडाची सुकी फळे आहेत. लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा मिळून साधारण तोच वास येतो, म्हणून ते नसले तरी अडत नाही.

बदाम परदेशी, अक्रोड काश्मीरचे. काजू मात्र आपल्याच जिल्ह्यातला : चंदगड-आजऱ्याकडे काजूच्या बागा आहेत आणि काजू फोडण्याचे उद्योगही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणलेले हे झाड आता तिकडच्या डोंगरउतारांवर असे रुजले आहे की ते परके वाटत नाही. केकला अख्खा पांढरा काजू नको, तुकडा काजू घ्यावा. तो स्वस्त पडतो आणि शेवटी तुकडेच करायचे असतात. काजू आणि बदाम मिळून १०० ग्रॅम.

भिजवण

आता कृती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बेदाणे, चिरलेले अंजीर-खजूर, साल आणि आले काचेच्या बरणीत एकत्र करावे. चेरी आणि काजू-बदाम आत्ता घालू नयेत. त्यावर १२५ मिलिलीटर रम ओतावी आणि दोन-तीन आठवडे झाकून ठेवावे. रोज एकदा बरणी उलटीपालटी करावी. रम मळीपासून होते, त्यामुळे गुळाशी तिचे जमते. ब्रँडी द्राक्षाची, तिचे बेदाण्याशी. ज्या घरात दारू चालत नाही तिथे संत्र्याचा ताजा रस १०० मिलिलीटर आणि सालीचा उरलेला पाक दोन चमचे एकत्र गरम करून फळांवर ओतावा, मात्र हे भिजवण फक्त एका रात्रीचे आणि फ्रीजमध्ये. आठवडाभर बाहेर ठेवलेला रस आंबतो. अशा केकची गोडी कमी नसते, टिकण्याची मुदत कमी असते.

भाजण्याच्या दिवशी आधी साचा तयार करावा. आठ इंची, तीन इंच उंच साच्याला आतून बटर पेपरचे दोन थर आणि बाहेरून वर्तमानपत्राची चार पदरी पट्टी सुतळीने बांधावी, म्हणजे कडा करपत नाहीत. लोणी आणि चाळलेला गूळ दहा मिनिटे फेटावा. साखरेसारखा तो पांढरा फटक होणार नाही, रंग दुधाळ चहासारखा झाला की थांबावे. काकवी घालावी. अंडी खोलीच्या तापमानाला आणून, फोडून, एकत्र हलवून थोडी थोडी घालावीत. मिश्रण फाटल्यासारखे दिसले तर चमचाभर मैदा घालावा, सावरते. मैदा आणि मसाले एकत्र चाळून हलक्या हाताने मिसळावेत, मग निथळलेली फळे, चेरी, काजू-बदाम आणि एका संत्र्याची किसलेली साल. बरणीच्या तळाशी द्रव उरला असेल तर तो बाजूला ठेवावा. मिश्रण इतके घट्ट हवे की पळी उचलल्यावर ते क्षणभर धरून राहील आणि मग धप्पकन पडेल. साच्यात भरून मध्यभागी पळीच्या पाठीने थोडा खळगा करावा, म्हणजे माथा सपाट येतो.

तापमान १४० अंश सेल्सिअस, वेळ तीन ते साडेतीन तास, वरची सळई बंद, केक खालच्या कप्प्यात. लहान ओव्हनचे बटण दाखवते ते आणि आतले तापमान यांत बरेचदा वीस-वीस अंशांचा फरक असतो, म्हणून आत ठेवायचा तापमापक विकत घ्यावा. अडीच तासांनी माथा गडद होऊ लागला तर वर बटर पेपर टाकावा आणि विणकामाची सुई मध्यभागी खुपसून पाहावी. ती कोरडी आली पाहिजे, बेदाण्याचा चिकटा लागला तर तो मोजू नये. घरी ओव्हन नसेल तर दिवाळीत नानकटाई भाजून देणाऱ्या बेकरीत विचारावे, पण पावाचा घाणा चालू असताना नव्हे. भट्टी तेव्हा फार तापलेली असते. पाव संपून ती उतरू लागली की केक आत ठेवायला सांगावा आणि स्वतः तिथे बसावे, कारण तीन तास चालणारा जिन्नस भट्टीवाल्याच्या सवयीतला नसतो आणि तो अर्ध्या तासात झाला म्हणून बाहेर काढतो.

केक साच्यातच पूर्ण गार होऊ द्यावा, साधारण एक रात्र. मग बारीक सुईने वरून टोचे मारून उरलेला द्रव चमच्याने सोडावा. बटर पेपरमध्ये दोनदा गुंडाळून त्यावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल लावावी. फॉइल केकला थेट लागू देऊ नये, फळांतल्या आम्लाने ती खाल्ली जाते. रमचा केक हवाबंद डब्यात, अंधाऱ्या जागी ठेवून दर आठवड्याला एक चमचा रम पाजत राहिले की नाताळपर्यंत त्याचा काठ मऊ होतो आणि मसाल्यांचे वेगवेगळे वास एकमेकांत मिसळतात. संत्र्याच्या रसाचा केक फ्रीजमध्ये ठेवावा आणि आठवडाभरात संपवावा. तो नाताळच्या तीन-चार दिवस आधीच भाजलेला बरा. कापताना लांब, पातळ सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, करवतीसारखी मागेपुढे चालवावी आणि काप बोटभर जाडीचे ठेवावेत. पातळ काप केला तर महाळुंगाचा तुकडा सुरीबरोबर ओढला जातो आणि त्या जागी भोक पडते.